नक्कल आहे, पण उघडते का?
संगणकावरील हिशेब जपण्याचा आणि परत मिळवण्याचा धडा



आपल्या धंद्यात माल डोळ्यांना दिसतो. सुताच्या गोण्या गोदामात असतात, ताग्यांची थप्पी मोजता येते, माग चालू आहे की बंद हे गल्लीत शिरताच आवाजावरून कळते. पण धंद्याचा खरा जीव उधारीत असतो, आणि उधारी दिसत नाही. ती फक्त लिहिलेली असते. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, कोणत्या कारखान्यात किती सूत गेले आणि त्याचे किती कापड परत आले, हे सारे पूर्वी लाल वहीत होते. आता ते संगणकात आहे. वही भिजली किंवा जळाली तर लगेच दिसते. संगणकातली वही नाहीशी होते तेव्हा संगणक मात्र टेबलावर जसाच्या तसा उभा असतो.

या वहीची नक्कल ठेवावी, तिला बॅकअप म्हणतात, हे आता लहान दुकानदारालाही ठाऊक आहे. म्हणून नक्कल ठेवा एवढेच सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. ठेवलेली नक्कल उघडून पाहा, हे सांगण्यासाठी लिहीत आहोत. हा धडा आम्हाला फार महागात पडला.

आमच्यावर काय गुजरले?

मालेगावच्या बाजारात आमचा सूत आणि ग्रे कापडाचा व्यवहार आहे. सूत बाजारातून घ्यायचे, सायझिंग करून बीम तयार करायचे, लहान कारखानदारांना मजुरीवर विणायला द्यायचे आणि तयार तागे पुढे विकायचे, अशी आमची पद्धत. २०२२ च्या मार्चअखेर आम्ही हिशेबाचा प्रोग्राम बदलून नवा घेतला. नव्या प्रोग्रामने नव्या वर्षाचा हिशेब संगणकात नव्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली. रोज रात्री पेन ड्राइव्हवर नक्कल उतरवण्याची सोय मात्र जुन्या फोल्डरलाच जोडलेली राहिली. आमचे दिवाणजी रोज पेन ड्राइव्ह लावत, पडद्यावर ‘काम पूर्ण झाले’ असे येई आणि आम्ही समाधानाने दुकान बंद करीत असू. खोटे कोणीच बोलत नव्हते. काम खरोखरच पूर्ण होत होते, फक्त नक्कल जुन्या, बंद झालेल्या हिशेबाची होत होती.

२०२३ साली रमजान आणि मार्चअखेर एकत्र आले. एका संध्याकाळी इफ्तारच्या सुमारास वीज दोनदा गेली आणि आली. तरावीहनंतर दुकान उघडले तर संगणक सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितले की आतली हार्ड डिस्क गेली, तिच्यातून काही निघणार नाही. आम्ही निश्चिंत होतो, कारण पेन ड्राइव्ह गल्ल्यात होता. दुसऱ्या संगणकावर तो उघडला. फाइलवर आदल्या रात्रीची तारीख होती, पण आतली शेवटची नोंद ३१ मार्च २०२२ ची निघाली. वर्षभर आम्ही रोज रात्री एकच मेलेली वही नव्याने बांधून ठेवत होतो.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली बिले जीएसटीच्या पोर्टलवरील आमच्या जीएसटीआर-१ विवरणातून मिळाली. सुताची खरेदी जीएसटीआर-२बी मधून जुळवली. बँकेचा उतारा मिळाला. सूतवाल्यांनी आपल्याकडचे आमचे खाते काढून दिले, त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण मजुरीवर विणणाऱ्या चार-सहा मागांच्या कारखानदारांचा हिशेब कोणत्याही पोर्टलवर नव्हता. सरकारकडे कराची नोंद राहते, आपली उधारी राहत नाही, हे तेव्हा नीट समजले.

ते कारखानदार आपापल्या डायऱ्या घेऊन आले. उर्दूत, पेन्सिलीने, साध्या अक्षरात लिहिलेल्या डायऱ्या. त्यांतील बहुतेकांचे आकडे आमच्या चलनांशी जुळले. एका वयस्क कारखानदाराच्या डायरीत मात्र आम्हाला आठवत होते त्यापेक्षा बरीच जास्त मजुरी बाकी निघाली. आमच्याकडे होय म्हणायला पुरावा नव्हता आणि नाही म्हणायलाही नव्हता. आमचे थोरले बंधू म्हणाले, “ज्याने लिहिलेले सांभाळले, त्याचे बोलणे खरे धरायचे. आपण सांभाळले नाही, तर आता वाद घालायचा नाही.” आम्ही रक्कम चुकती केली. उलट, ज्यांच्याकडून आमचे येणे होते पण दाखवता येत नव्हते, त्यांच्यापैकी काहींनी आठवणीने आणून दिले. काहींचे तसेच राहिले. त्यांना दोष कसा द्यावा? वही आमची हरवली होती.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणे जर जबाबदारी आहे, तर लिहिलेले टिकवणे हा त्याच जबाबदारीचा भाग आहे. आपल्या संगणकात केवळ आपला पैसा नसतो, दुसऱ्याची मजुरीही लिहिलेली असते. ती अमानत आहे.

मोठमोठ्या कंपन्यांचेही असेच

आपण लहान माणसे, म्हणून आपल्याकडून गफलत झाली असे कोणी समजू नये. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम आपल्या संगणकांवर सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करणाऱ्या तिच्या एका इंजिनिअरने एका संगणकाऐवजी चुकून दुसऱ्या, चालू संगणकावरील माहिती पुसली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती. नकला ठेवण्याच्या त्यांच्याकडे पाच तऱ्हा होत्या, पण त्या रात्री त्यांतील एकही धड उपयोगी पडेना. रोजची नक्कल तर होतच नव्हती, कारण नक्कल घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि माहिती नव्या आवृत्तीत होती. नक्कल फसल्याचे इशारे ई-मेलने निघत होते, पण ते ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी सहज घेतलेली एक प्रत हाती लागली, तिच्यावर निभावले. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे अठरा तास लागले आणि मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. आवृत्ती बदलली, नक्कल मागे राहिली आणि कोणी उघडून पाहिले नाही. आमच्या पेन ड्राइव्हची हकीकत याहून वेगळी नाही.

दुसरी घटना आपल्या कापड निर्यातीच्या वाटेवरची आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेब आणि कराच्या एका प्रोग्रामच्या सुधारणेतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक त्याने काही तासांत निकामी केले. आपल्या न्हावाशेवा बंदरातील, याच समूहाच्या धक्क्याचे कामही त्यामुळे खोळंबले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या कामाची परवानगी याची यादी ठेवणारे कंपनीचे सुमारे १५० संगणक निरनिराळ्या देशांत होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणून प्रत्येक संगणक बाकीच्यांची नक्कल आहे असे मानले जाई. पण सगळे एकाच तारेत ओवलेले असल्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. त्यांतला फक्त एक वाचला. तो घाना देशात होता, आणि हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याची डिस्क घानाहून नायजेरियाला आणि तेथून विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा उभारणी सुरू झाली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले.

वीज गेली म्हणून आपण रोज कुरकुरतो, पण त्या दिवशी वीज गेली म्हणूनच एक प्रत वाचली. अर्थ साधा आहे. ज्या नकला एकमेकींशी आणि मूळ संगणकाशी सतत जोडलेल्या असतात, त्या दहा असल्या तरी एकच समजाव्यात. एक तरी प्रत तुटलेली, अलग ठेवलेली पाहिजे.

काय जपावे?

हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा तर जपावाच, पण तेवढ्यावर पेढी पुन्हा उभी राहत नाही. त्याबरोबर भरलेली जीएसटी विवरणे, ई-वे बिले, बँकेचे उतारे, मजुरीच्या चलनांचे फोटो, डिझाइनच्या फाइली आणि पार्ट्यांच्या फोन नंबरांची यादीही ठेवावी. प्रोग्रामचा परवाना क्रमांक आणि त्याची आवृत्ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. नव्या आवृत्तीतला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

पासवर्डही कागदावर लिहून तिजोरीतच ठेवावा. टॅलीमध्ये काही जण हिशेबाला ‘टॅली व्हॉल्ट’चे कुलूप लावतात. त्याचा पासवर्ड विसरला तर चांगली नक्कल हातात असूनही ती उघडणार नाही. किल्ली फक्त दिवाणजींच्या डोक्यात असू नये. ते आजारी पडू शकतात, नोकरी बदलू शकतात.

कोठे जपावे?

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम आहे, तो तीन-दोन-एक असा लक्षात ठेवावा. मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी.

संगणकातील ‘सी’मधून ‘डी’मध्ये ठेवलेली प्रत बहुधा एकाच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही जातात. ती मोजू नये. पेन ड्राइव्ह रोजच्या ने-आणीसाठी ठीक, पण तो हरवतो आणि अचानक बिघडतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. आम्ही आता दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या आहेत. एक आठवडा एक दुकानात आणि दुसरी घरी, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. नक्कल उतरली की डिस्क संगणकापासून काढून ठेवतो. लावून ठेवलेली डिस्क ही घानातल्या संगणकासारखी नसते, ती बाकीच्या १४९ संगणकांसारखी असते.

दुसरी जागा म्हणजे खरोखर दुसरी जागा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी इचलकरंजीत शिरले, ते दुकान आणि त्यामागचे गोदाम असा भेद करून शिरले नाही. दुकानातल्याच कपाटात ठेवलेली प्रत चोरी, आग आणि पूर यांत मूळ संगणकाबरोबरच जाते.

इंटरनेटवर, म्हणजे गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवलेली प्रत दूर असते हे चांगले. पण जो फोल्डर आपोआप जुळत राहतो त्यात संगणकावर पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते आणि बिघडलेली फाइल तिथेही बिघडते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. चूक चाळिसाव्या दिवशी लक्षात आली तर काय करणार? म्हणून तिथेही तारखेच्या नावाने वेगळी प्रत चढवावी.

केव्हा घ्यावी?

प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. किती दिवसांच्या नोंदी पुन्हा हाताने भरण्याची आपली तयारी आहे? आणि हिशेबाविना पेढी किती दिवस चालू शकेल? दिवसाला पाच बिले करणाऱ्याला आठवड्याची नक्कल पुरेल. दिवसाला पन्नास चलने लिहिणाऱ्याने रोजच घेतली पाहिजे.

आमची पद्धत सांगतो. रोज दुकान बंद करण्यापूर्वी एक नक्कल. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मजुरीचा हिशेब झाला की आठवड्याची नक्कल घेतो आणि ती डिस्क घरी जाते. महिन्याचे विवरण भरले की एक, आणि ३१ मार्चचा हिशेब पक्का झाला की एक, जी कधीही पुसायची नाही. प्रत्येक नक्कल तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. कालच्यावर आजची चढवली, आणि आजची बिघडलेली निघाली, तर चांगली प्रत आपणच आपल्या हाताने पुसली असे होईल.

उघडून कशी पाहावी?

हे सर्वांत महत्त्वाचे, आणि हेच कोणी करत नाही. महिन्यातून एकदा नक्कल परत भरून पाहावी. याला रिस्टोअर म्हणतात. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की डेटाची यादी येते, तिच्यात बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही असतात. रिस्टोअर करताना प्रोग्राम दोन ठिकाणे विचारतो. एक, नक्कल कोठून घ्यायची, आणि दुसरे, कोठे भरायची. येथे फार सावध राहावे. चालू हिशेबाच्या फोल्डरचेच ठिकाण दिले तर आजच्या हिशेबावर जुना हिशेब चढतो. पडद्यावर इशारा येतो, पण घाईत माणूस ‘होय’ दाबतो. तपासणीसाठी नेहमी ‘तपासणी’ अशा नावाचा नवा, रिकामा फोल्डर करावा. दुसऱ्या संगणकावर केले तर त्याहून उत्तम, कारण खऱ्या संकटात मूळ संगणक नसणारच.

हिशेब उघडला की तीन गोष्टी पाहाव्यात. शेवटच्या नोंदीची तारीख आणि क्रमांक आजच्या चलनबुकाशी जुळतो का? कोणत्याही दोन पार्ट्यांची बाकी कागदावर टिपून ठेवलेल्या आकड्याशी जुळते का? आणि तेरजेची बेरीज मूळ संगणकातल्या बेरजेइतकी आहे का? तिन्ही जुळले तर एका साध्या वहीत तारीख लिहून तपासणाऱ्याने सही करावी. फाइलवरची तारीख पाहून समाधान मानू नये. आमच्या फाइलवरही रोज ताजी तारीख होती.

प्रोग्राम बदलला, संगणक बदलला, फोल्डर हलवला किंवा दिवाणजी बदलले, तर महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तपासणी करावी. नक्कल आणि हिशेब यांची ताटातूट अशा बदलाच्या वेळीच होते.

आपत्तीच्या दिवशी काय करावे?

पहिली गोष्ट, घाई करू नये. चुकून काही पुसले गेले असेल तर त्या संगणकावर पुढे काम करू नये, कारण नवी नोंद जुन्या, पुसलेल्या माहितीची जागा घेते. हिशेब बिघडलेला दिसला तर आधी त्या बिघडलेल्या फोल्डरचीच एक प्रत बाजूला काढावी. कधी कधी तज्ज्ञाला त्यातूनही काही मिळते.

फाइली एकाएकी उघडेनाशा झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी आली, तर इंटरनेटची आणि इतर संगणकांची तार लगेच काढावी. नक्कल असलेली डिस्क त्या संगणकाला मुळीच लावू नये. लावली तर तीही जाईल. पैसे दिल्यावर फाइली परत मिळतीलच याची कोणी हमी देत नाही. पडद्याचा फोटो घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. संगणक पूर्ण साफ करून प्रोग्राम नव्याने बसवल्यावरच नक्कल भरावी, आणि तीसुद्धा डिस्कवरची एकुलती एक न वापरता तिची आणखी एक प्रत काढून.

हिशेब परत आला की नक्कल घेतल्याच्या वेळेपासून पुढच्या नोंदी चलने पाहून भराव्यात. म्हणून कागदी चलनबुक अजून मोडीत काढू नये. एका दिवसाचे अंतर कागद भरून काढतो, एका वर्षाचे भरून काढताना काय होते ते आम्ही वर सांगितले आहे.

कायदा काय म्हणतो?

ही केवळ सोय नव्हे, कायद्याचीही अपेक्षा आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ व्या नियमाप्रमाणे, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याने त्याची नक्कल अशी ठेवली पाहिजे की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी वाजवी मुदतीत माहिती परत उभी करता येईल. म्हणजे कायदाही केवळ नक्कल मागत नाही, परत उभी राहणारी नक्कल मागतो. कलम ३६ प्रमाणे हा हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो. उदाहरणार्थ, २०२३-२४ या वर्षाच्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, तेव्हा तो हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवावा लागेल. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ पासून नियम आणखी कडक आहे. त्यांना हिशेबाची नक्कल भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावी लागते.

शेवटी एकच विनंती

हा लेख वाचून झाल्यावर येत्या गुरुवारी, किंवा तुमच्या बाजाराच्या सुटीच्या आदल्या दिवशी, अर्धा तास काढा. दिवाणजींना किंवा मुलाला जवळ बसवा. गल्ल्यातला पेन ड्राइव्ह किंवा कपाटातली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, रिकाम्या फोल्डरमध्ये हिशेब भरा आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहा. ती कालची निघाली तर अल्लाहचे आभार माना. मागच्या वर्षीची निघाली तरीही आभारच माना, कारण मूळ संगणक अजून चालू आहे आणि चूक सुधारायला आजची रात्र हातात आहे. आम्हाला ती मिळाली नव्हती.